आज ढाक्यात काय?

२०२३च्या जानेवारीत फिलिपाइन्समध्ये कांदा ६०० पेसो किलोवर गेला. आपले साधारण ९०० रुपये. कोंबडी स्वस्त आणि कांदा महाग, अशी तिथली गत. मनिलाच्या विमानतळावर विमान कर्मचाऱ्यांच्या बॅगांमधून कस्टमवाल्यांनी कांदे जप्त केले. पुढे एका नवरीने लग्नात फुलांऐवजी कांद्यांचा गुच्छ हातात धरला आणि तो फोटो जगभर फिरला. मी तेव्हा इंग्रजी शिकायचं म्हणून इंग्रजी बातम्या ऐकायला लागले होते, आणि जिचं वाक्यन् वाक्य समजलं अशी पहिली बातमी ही. समजायलाच हवी होती. आमचं गाव लासलगावच्या जवळ. कांद्याबद्दल कोणी कुठल्याही भाषेत बोललं तरी आमचे कान टवकारतात.

आप्पा, म्हणजे माझे वडील, अंगणात लाल कांदा निवडत बसले होते, गोल्टी म्हणजे बारीक कांदा एकीकडे, चांगला माल एकीकडे. मी म्हटलं, फिलिपाइन्समध्ये कांदा नऊशे रुपये झालाय.

"नऊशे? मग आपल्यापेक्षा बराच म्हणायचा."

"आप्पा, क्विंटल नाही. किलो."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. पोरगी चेष्टा करतेय की इंग्रजी कच्चं आहे, याचा अंदाज घेत असावेत. मग म्हणाले, "मग पाठवत का नाहीत तिकडं?"

हा प्रश्न आमच्याकडे कोणीही विचारेल, पण त्या बातमीत त्याचं उत्तर नव्हतं. उत्तर शोधायला मला पुढे बरंच वाचावं लागलं: आयातीचे परवाने, कीड-रोग नसल्याचे दाखले, तिथल्या सरकारची मर्जी, आपल्या सरकारची मर्जी. माझं इंग्रजी सुधारलं असेल तर ते व्याकरणाच्या पुस्तकाने कमी आणि आप्पांच्या असल्या प्रश्नांनी जास्त.

मी मराठी माध्यमातली. बारावीनंतर नाशिकला कॉलेजात आले तेव्हा एका सरांनी सांगितलं की रोज इंग्रजी पेपरातला अग्रलेख वाचा. हा सल्ला महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलामुलीला कोणीतरी देतंच. मी आठवडाभर वाचला असेल. पहिल्या वाक्याला आत शिरायचे आणि पूर्णविरामापर्यंत पोचेस्तोवर कर्ता कोण होता ते विसरायचे. मग मैत्रिणीने व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या शिकाऊ लोकांसाठीच्या बातम्या दाखवल्या. ही गोष्ट जुनी, १९५९पासूनची. साधारण १५०० शब्दांचा साठा ठरवून घेतलेला, वाक्यं छोटी, आणि वाचणाऱ्याचा वेग नेहमीपेक्षा एक तृतीयांशाने कमी. शीतयुद्धाच्या दिवसांत अमेरिकेचं म्हणणं जगाच्या कानावर घालायला काढलेली युक्ती ती, फुकटचा परोपकार काही नव्हे. पण चीनपासून आफ्रिकेपर्यंत कितीतरी पोरं तिच्यावर इंग्रजी शिकली, तशी मीही शिकले.

त्या संथ बातम्यांचा एक गुण मला फार आवडायचा. युद्ध, निवडणूक, व्याजदर, सगळं इतकं हळू आणि इतकं सोपं सांगायचे की मध्ये विचार करायला जागा उरायची. त्या जागेत माझ्या मनात कायम एकच शंका यायची: हे कोणाला सांगतायत?

फेब्रुवारीत आमच्याकडचा भाव पडला. लेट खरिपाचा लाल कांदा तो, त्यात पाणी जास्त, साठवणीच्या चाळीत टिकत नाही. उन्हाळ कांद्यासारखा साठवून चार महिने वाट बघता येत नाही. काढला की विकायचा. त्याच महिन्यात सोलापूरच्या बाजारात बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. रुपया किलो भाव. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हातात २ रुपयांचा चेक पडला, तोही पुढच्या तारखेचा. ही बातमीही इंग्रजीत आली, देशभर गाजली. पण का गाजली? २ रुपयांच्या चेकचा फोटो काढता येतो म्हणून. त्याच आठवड्यात चार-पाचशे रुपये क्विंटलने गाड्या खाली करून आलेले शेकडो जण होते, आप्पा त्यांच्यातले एक. त्यांची हिशोबपट्टी कोणी छापली नाही, कारण ती नुसती वाईट होती, विचित्र नव्हती.

महिन्याभराच्या अंतराने एका देशात कांद्याचा गुच्छ आणि दुसऱ्या देशात २ रुपयांचा चेक. मी दोन्ही वहीत लिहून ठेवलं, नवीन शब्दांच्या खाली. आणि मग वहीची मागची पानं चाळताना जाणवलं की महागाईच्या प्रत्येक बातमीत 'लोक' म्हणजे विकत घेणारे. लोक त्रस्त आहेत, लोकांना दिलासा मिळाला, लोक रांगेत उभे आहेत. पिकवणारा येतो तेव्हा तो लोक नसतो, 'शेतकरी' असतो, आणि बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्या परिच्छेदात असतो. लंडन असो, दिल्ली असो, मनिला असो, बातमी स्वयंपाकघरात उभं राहून सांगितली जाते. शेतात उभं राहून सांगितलेली क्वचितच सापडते.

हे मी फार मोठं काही शोधल्याच्या थाटात बाबांना, म्हणजे आमच्या आजोबांना, सांगायला गेले. बाबा १९८०च्या आंदोलनात रस्त्यावर बसलेले. छातीवर शेतकरी संघटनेचा बिल्ला आणि तोंडात 'भीक नको, हवे घामाचे दाम'. संघटनेचे नेते शरद जोशी यांचं 'इंडिया विरुद्ध भारत', म्हणजे शहर विरुद्ध खेडं, त्यांना पाठ आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे आम्हाला चाळीस वर्षांपूर्वीच सांगितलंय. त्याला इंग्रजी कशाला लागतं?"

माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. ते २०२३च्या डिसेंबरात मिळालं.

७ डिसेंबरच्या रात्री केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. आधी ऑगस्टमध्ये ४० टक्के शुल्क लावलंच होतं, आता दारच लावलं. दुसऱ्या दिवशी लासलगावला लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा रस्ता अडवला. लिलाव पुन्हा सुरू झाले तोवर आणि पुढच्या काही दिवसांत भाव निम्म्याच्या आसपास आला. घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. दिल्लीच्या इंग्रजी पेपरांत ही दर आटोक्यात आणण्याची उपाययोजना होती, आणि ते त्यांच्या जागी खरंच होतं. कांद्याने सरकारं हलतात हे दिल्लीला १९९८पासून चांगलं माहीत आहे.

त्या दिवसांत एका रात्री मी सहज म्हणून ढाक्याचे इंग्रजी पेपर उघडले. एका रात्रीत तिथे कांदा २०० टाक्यांच्या वर गेला होता. दुकानदारांनी जुना मालही नव्या भावाने काढला होता, सरकारी माणसं छापे घालत होती. आमच्या बंद दाराची दुसरी बाजू मी पहिल्यांदाच पाहत होते. मग मागच्या बातम्या उकरत गेले. २०१९च्या नोव्हेंबरात तिथे कांदा २५० टाक्यांना पोचला होता आणि सरकारी ट्रकवरून स्वस्त कांदा घ्यायला बायका ताटकळत उभ्या होत्या. तेव्हाही कारण आमचीच निर्यातबंदी. त्या बंदीनंतर लगेच बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीला आल्या होत्या आणि व्यापाऱ्यांच्या सभेत हसत, हिंदीत म्हणाल्या होत्या की, मी आमच्या आचाऱ्याला सांगितलंय, आता जेवणात कांदा बंद. सभा हसली. टोमणा मात्र बरोबर लागला होता.

ट्रकपुढच्या त्या रांगेतल्या बायकांचे फोटो मी बराच वेळ पाहिले. पदर डोक्यावर, हातात पिशवी, चेहऱ्यावर कंटाळा. आमच्या डोंबिवलीच्या मावशीसारख्याच. मावशीचं आणि आईचं दर दिवाळीला यावरून वाजतं. मावशी म्हणते, तुमचा भाव चढला की आमच्या घरी भजी बंद. आई म्हणते, मग नका खाऊ. दोघी सख्ख्या बहिणी. 'भारत' आणि 'इंडिया' आमच्याकडे एकाच ओट्यावर फराळ तळतात. बाबांची घोषणा मला आजही खरी वाटते, पण त्या घोषणेत ढाक्याची बाई कुठे बसवायची ते कळत नाही. ती इंडिया नाही, भारतही नाही. तिला आमच्या दिल्लीने मारलं, आम्हालाही दिल्लीनेच मारलं, आणि तिच्या पेपरात 'भारताने कांदा रोखला' असं लिहिलंय. त्या भारतात आम्हीही आलो. हे मला मराठी पेपरात कोणी सांगितलं नसतं. सांगायचं कारणही नव्हतं.

फिलिपाइन्सकडे परत वळले ती या नादात. तिथली मोठी वर्तमानपत्रं इंग्रजीत निघतात. हे इंग्रजी लंडनच्या इंग्रजीपेक्षा मला सोपं गेलं, का ते आजवर नीट सांगता येत नाही. कदाचित त्यात मान्सून, पूर, सावकार, दलाल अशी माणसं-प्रसंग ओळखीचे होते म्हणून. नुएवा एसिहा प्रांतात बोंगाबोन नावाचं गाव आहे, ते स्वतःला देशाची कांद्याची राजधानी म्हणवतं. त्यांचं लासलगावच! तिथल्या पेपरांतून जे कळलं ते त्या गुच्छाच्या बातमीत औषधालाही नव्हतं. भाव ६०० पेसोंवर गेला तेव्हा शेतकऱ्यांकडे माल जवळपास नव्हताच. तो आधीच स्वस्तात गेला होता आणि शीतगृहवाल्यांच्या ताब्यात होता. सरकारने जानेवारीत सुमारे २१ हजार टन कांदा आयात करायची परवानगी दिली, नेमकी नवीन पीक हाताशी येत असताना. शेतकरी ओरडले. आपल्याकडे भाव चढला की निर्यात बंद, त्यांच्याकडे भाव चढला की आयात सुरू. चक्क्या वेगळ्या, दळण एकच.

आणि सिनेटच्या चौकशीपुढे एक बाई उभी राहिली होती. तिचा नवरा कांदा पिकवायचा. अळीने पीक खाल्लं, कर्ज डोक्यावर राहिलं, त्याने २०२१मध्ये आत्महत्या केली. तिच्या भागात असे आणखीही होते, असं तिने सांगितलं.

हे वाचून मी मोबाईल बंद केला. मराठीत असल्या बातम्या मी लहानपणापासून वाचल्यात, आणि खरं सांगायचं तर त्या वाचताना आता डोळे पुढच्या ओळीवर घसरतात. इंग्रजीत मला घसरता येत नव्हतं. प्रत्येक शब्दाला थांबून पुढे जावं लागत होतं. परक्या भाषेत अजून आपण निबर झालेले नसतो, हा शिकाऊपणाचा एक फायदाच म्हणायचा. तो किती दिवस टिकतो कोण जाणे. माझा आता कमी होत चाललाय, वाचनाचा वेग वाढतोय तसा.

त्या बाईला मराठी येत नाही, मला तिची तागालोग येत नाही. इंग्रजी दोघींच्याही घरची नाही. बाबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "बरं." बाबांकडून 'बरं' येणं म्हणजे अर्धा डाव जिंकल्यासारखं असतं.

मधल्या काळात लाल समुद्राचं प्रकरण झालं, त्यावर फार लिहीत नाही. येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी २०२३च्या नोव्हेंबरापासून जहाजांवर हल्ले सुरू केले, कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला आणि पिंपळगावच्या मामांची द्राक्षं युरोपात कितीतरी दिवस उशिरा पोचली. भाडं वाढलं ते वेगळंच. मामांना येमेन नकाशात दाखवलं तेव्हा ते म्हणाले, एवढ्याशा देशाने एवढा घोळ घातला? मी त्यांना येमेनमध्ये कित्येक वर्षं युद्ध चाललंय, लोक उपाशी आहेत, हे सांगायला लागले. मामा ऐकत होते, पण कंटेनर कुठे पोचला ते फोनवर बघतही होते. मी रागावले नाही. मी तरी येमेनबद्दल द्राक्षांच्या आधी काय वाचलं होतं?

ही गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचली ती २०२४च्या जुलैत. तोवर ढाक्याचे पेपर वाचायची सवय लागली होती. कांद्यापायी लागलेली, पण आता मी खेळाचं पानही वाचायचे. आरक्षणाविरुद्ध विद्यार्थ्यांचं आंदोलन चाललं होतं. १६ जुलैला रंगपूरमध्ये अबू सईद नावाच्या मुलावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तो व्हिडिओ बऱ्याच जणांनी पाहिला असेल: हातात एक काठी, दोन्ही हात पसरलेले, छाती पुढे, आणि समोर पोलीस. तो बेगम रोकेया विद्यापीठात शिकत होता. इंग्रजी विभागात.

गरिबाघरचा, बऱ्याच भावंडांतला, शिकून नोकरी लागेल म्हणून घरच्यांनी आशा लावलेला. इंग्रजी शिकणारा. त्याच्या विद्यापीठाला जिचं नाव आहे त्या रोकेयांची गोष्टही मी तेव्हाच वाचली. त्यांच्या घरात मुलींना इंग्रजी शिकवणं निषिद्ध होतं. थोरला भाऊ रात्री सगळे झोपल्यावर मेणबत्तीच्या उजेडात बहिणीला शिकवायचा, असं सांगतात. पुढे त्यांनी मुलींची शाळा काढली. रंगपूर हा त्यांचा जिल्हा.

१८ जुलैला बांगलादेशात इंटरनेट बंद झालं. मी रोज उघडायचे ती पानं तशीच थिजली. जुन्याच बातम्या, जुनीच तारीख. बातमी न येणं हीच बातमी असते, हे पुस्तकी वाटणारं वाक्य तेव्हा पोटात गोळा आल्यासारखं कळलं. बाहेरच्या वाहिन्या आकडे सांगत होत्या, तेही अंदाजाने. पुढे २०२५च्या फेब्रुवारीत संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाने मृतांचा आकडा १,४०० पर्यंत असू शकतो असं म्हटलं.

५ ऑगस्टला हसीना देश सोडून निघाल्या. संध्याकाळी आप्पांचा फोन आला. आमच्याकडे तोवर रिवाजच पडला होता. मार्केटला कोणी काही बोललं की आप्पा मला फोन करत, खरं काय ते विचारायला. कधीकधी शेजारचे काकाही मागून ओरडून विचारायचे.

"काय गं, ढाक्यात काय चाललंय?"

मी सांगायला लागले. विद्यार्थी, जुलै, अबू सईद, पंतप्रधानांच्या घरात शिरलेले लोक, कोणी खुर्ची उचलून नेतंय, कोणी मासा. आप्पांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "बॉर्डर चालू आहे का?"

आपली निर्यातबंदी तोवर उठली होती, आणि सीमेवर पेट्रापोलला, घोजाडांगाला कांद्याच्या गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. त्यांत नाशिकचा माल होता. आप्पांचा प्रश्न अगदी रास्त होता. तरी मला वाईट वाटलं, मग स्वतःचा राग आला, कारण फोन यायच्या आधी मीही तेच शोधून ठेवलं होतं. उत्तर तयार होतं म्हणून तर पटकन देता आलं: "बंद आहे, पण दोन दिवसांत उघडेल म्हणतायत." अबू सईदची गोष्ट मी नंतर सावकाश सांगितली, घरी गेल्यावर, जेवताना. आईने मध्येच विचारलं, त्याची आई आहे का? आहे, म्हटलं. आईने पुढचा घास बराच वेळ हातात धरला. आंतरराष्ट्रीय घडामोडींवर आमच्या घरातली ती सर्वांत गंभीर चर्चा होती.

२०२५च्या मार्चच्या मध्यावर व्हॉइस ऑफ अमेरिकाचं काम ट्रम्प यांच्या आदेशामुळे ठप्प झालं. त्यात शिकाऊ लोकांच्या संथ बातम्याही थांबल्या. मी त्या ऐकणं केव्हाच सोडलं होतं, तरी उघडून पाहिलं. अमेरिकेला आता जगाच्या कानाशी बोलायची गरज वाटत नसेल, किंवा ते बोलणं महाग वाटत असेल. माझ्यासारख्यांच्या मागून येणारी पोरं एव्हाना मोबाईलवरच्या दुसऱ्या कशावर तरी शिकत असतील. मला त्या बंद पानाची हळहळ वाटली. ज्यांनी ते स्वतःच्या फायद्यासाठी चालवलं होतं त्यांच्याबद्दल मात्र काही वाटलं नाही.

त्याच सुमाराला आमच्याकडे आनंदाची बातमी आली. निर्यातशुल्क आधीच ४० वरून २० टक्क्यांवर आलं होतं, ते १ एप्रिलपासून पूर्ण काढलं. गावात फटाके वगैरे वाजले नाहीत, पण चहाच्या टपरीवर जरा बरं बोललं जात होतं. भाव मात्र उठला नाही. उन्हाळ कांदा उदंड आला होता, आणि आमचं मोठं गिऱ्हाईक घ्यायला तयार नव्हतं. मी ढाक्याचे पेपर काढले. पाबना आणि फरिदपूर हे तिकडचे कांद्याचे जिल्हे. तिथल्या शेतकऱ्यांचं म्हणणं सरळ होतं: आमचा कांदा निघतोय, भारताचा कांदा आत घेऊ नका, आमचा खर्चही निघत नाही.

मी ते आप्पांना वाचून दाखवलं. इंग्रजीतून मराठीत, ओळ ओळ करत. बियाणं महाग, मजुरी महाग, खत महाग, आणि काढणीला भाव नाही. आप्पा चाळीत कांदा भरायचं थांबवून ऐकत होते. एखाददुसऱ्या ओळीला मान हलवत होते, पंगतीत ओळखीचं कोणी बोलतंय अशी.

"खरंय त्याचं," ते म्हणाले. परत पाटी उचलली, आत गेले, रिकामी करून बाहेर आले.

"आणि आपला कुठं घालायचा, ते नाही का लिहिलं त्यात?"

"नाही."

"बरं, मग श्रीलंकेचं बघ काय म्हणतात."